घरी छापलेल्या फोटोची पारख कशी करावी

घरच्या इंकजेट प्रिंटरमधून फोटो बाहेर येतो तेव्हा त्यावरची शाई पुरती बसलेली नसते, खोलीत बहुधा एलईडीचा दिवा चालू असतो आणि शेजारी मोबाइलच्या पडद्यावर तेच छायाचित्र लखलखत असते. अशा अवस्थेत आपण निकाल देऊन मोकळे होतो: ‘छान आला’ किंवा ‘काळपट आला’. दोन्ही निकाल घाईचे असतात. मी गेली काही वर्षे घरातल्या मंडळींची छायाचित्रे सहा रंगांच्या, शाईच्या टाक्या असलेल्या प्रिंटरवर घरीच छापतो आहे आणि या काळात हाताला लागलेली पारखण्याची पद्धत येथे क्रमाने मांडतो आहे. तिचा गाभा असा की, कागदावर दिसणारा प्रत्येक दोष कुठून आला हे आधी वेगळे करून पाहावे. तो मूळ फाइलमधून येतो, ड्रायव्हरमधल्या, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या, चुकीच्या निवडीतून येतो, प्रिंटरच्या हेडमधून, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागातून, येतो, शाईतून येतो किंवा कागदातून येतो. हे मूळ न शोधता काम केले की माणूस आधी कागद बदलतो, मग शाई बदलतो, शेवटी प्रिंटर बदलतो, आणि दोष फाइलमध्येच असल्यामुळे तो नव्या प्रिंटरवरही तसाच उमटतो.

आधी फाइल, मग प्रिंटर

प्रिंटरच्या खोक्यावर ‘५७६० × १४४० डीपीआय’ असा मोठा आकडा छापलेला असतो आणि त्यावरून फोटो किती रेखीव येईल याचा अंदाज बांधला जातो. तो अंदाज फसवा आहे. हा आकडा शाईचे थेंब कागदावर किती जवळजवळ टाकता येतात एवढेच सांगतो. थेंब पडतो किंवा पडत नाही, फार तर दोन-तीन आकारांत पडतो. त्यामुळे छायाचित्रातल्या एकाच बिंदूची एक फिकट छटा दाखवण्यासाठी प्रिंटरला अनेक थेंबांची जुळवणी करावी लागते. म्हणून तपशिलाचा खरा हिशेब छायाचित्राच्या पिक्सेलवर करावा. साधारण २५ सेंटिमीटर अंतरावरून निरोगी डोळ्याला सुमारे ०.०७ मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके कसेबसे वेगळे दिसतात, म्हणजे इंचाला जवळपास ३५० ठिपके. हातात धरून पाहायच्या फोटोला इंचामागे ३०० पिक्सेल पुरेसे मानतात, ते यामुळेच.

या हिशेबाने ४ × ६ इंचाच्या फोटोला १२०० × १८०० पिक्सेल लागतात आणि ए-४ आकाराला २४८० × ३५०८. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलचे ४००० × ३००० पिक्सेलचे मूळ छायाचित्र ए-४ वर छापताना इंचामागे सुमारे ३४० पिक्सेल मिळतात, म्हणजे काळजीचे कारण नाही. अडचण येते ती कुटुंबाच्या व्हॉट्सॲप समूहातून उतरवून घेतलेल्या छायाचित्रांची, कारण पाठवताना ती लहान केली जातात आणि फाइल हलकी व्हावी म्हणून तपशील गाळून पुन्हा दाबली जातात. अशी फाइल ४ × ६ इंचावर निभावून जाते, ए-४ वर मात्र केसांच्या जागी मऊ धब्बे दिसतात आणि चेहऱ्याच्या कडेला चौकोनी ठोकळे उमटतात. हा दोष प्रिंटरचा नव्हे. छापण्याआधी फाइलचे पिक्सेल पाहावेत, ती संगणकावर शंभर टक्के आकारात उघडून डोळे, केस आणि कपड्यांचे काठ तपासावेत आणि शक्य असेल तर ज्याने छायाचित्र काढले त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्यावी.

दोष फाइलचा की यंत्राचा, हे ठरवण्याची एक सोपी आणि भरवशाची युक्ती आहे. तेच छायाचित्र त्याच कागदाच्या दुसऱ्या तावावर ९० अंशांत फिरवून छापावे. आकाशातले पट्टे छायाचित्राबरोबर फिरले तर ते फाइलमध्येच होते. पट्टे कागदाच्या त्याच दिशेला राहिले आणि छायाचित्र मात्र फिरले, तर ते प्रिंटरचे आहेत. या एका युक्तीने माझे कितीतरी कागद आणि शाई वाचली आहे.

नोझल तपासल्याशिवाय निकाल नाही

प्रिंटरच्या देखभालीच्या यादीत ‘नोझल चेक’, म्हणजे हेडमधली शाईची बारीक छिद्रे उघडी आहेत का हे पाहण्याची सोय, असते. पारखायचा फोटो छापण्याच्या आधी ते साध्या कागदावर काढलेच पाहिजे. जाळीसारख्या रेषांच्या त्या नक्षीत एक जरी रेषा तुटलेली असेल, तरी पुढची सगळी पारख फुकट जाते. काळ्या, निळ्या आणि गुलाबी रेषा सहज वाचता येतात. पिवळी मात्र पांढऱ्या कागदावर दिसतच नाही, फिकट गुलाबी आणि फिकट निळीही चकवा देतात. पिवळ्यासाठी मोबाइलच्या पडद्यावर गडद निळा रंग पूर्ण पसरून उघडावा, खोलीत अंधार करावा आणि त्या निळ्या उजेडात कागद धरावा. पिवळी शाई निळा प्रकाश शोषून घेते, त्यामुळे त्या रेषा काळपट होऊन उठून दिसतात आणि तुटलेली जागा लगेच सापडते.

रेषा तुटलेली असल्यास हेड क्लीनिंग एकदा करावे, पुन्हा नक्षी काढावी, गरज पडली तर दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा करावे. त्यापुढे सलग क्लीनिंग करत राहणे मला चुकीचे वाटते. प्रत्येक वेळी शाई ओढली जाऊन टाकाऊ शाईच्या पॅडमध्ये जाते, आणि हेडमध्ये हवा अडकली असेल तर वारंवार ओढण्याने ती सुटतेच असे नाही. प्रिंटर रात्रभर तसाच ठेवून सकाळी पुन्हा नक्षी काढली की पुष्कळदा रेषा आपोआप जुळलेल्या दिसतात. नोझल ठीक असूनही उभ्या रेषा दुहेरी किंवा पुसट येत असतील तर हेड अलाइनमेंट करावे. हेड डावीकडून उजवीकडे जाताना आणि परत येताना पडणारे थेंब एकमेकांवर नीट बसत नसल्याची ती खूण असते.

पारखण्यासाठी कोणते छायाचित्र घ्यावे

प्रिंटरच्या दुकानात दाखवतात ती पोपटांची, फळांची आणि गडद निळ्या समुद्राची छायाचित्रे पारखायला निरुपयोगी असतात, कारण तो पोपट प्रत्यक्षात कोणत्या हिरव्या रंगाचा होता हे आपल्याला माहीत नसते. आपल्या डोळ्यांनी पाहिलेली माणसे, कपडे आणि वस्तू ज्यात आहेत असे छायाचित्र निवडावे. माझ्यासाठी हे काम घरच्या एका लग्नातल्या छायाचित्राने केले आहे आणि मराठी घरात असे एखादे छायाचित्र बहुधा असतेच. त्यात नवरीची जांभळी पैठणी आहे, पदराची जर आहे, कपाळावर कुंकू आणि हातावर हळदीचा पिवळेपणा आहे, आजोबांचे पांढरे धोतर आणि टोपी आहे, मागे उभ्या असलेल्या मावशीच्या गडद हिरव्या साडीवर मंगळसूत्राचे काळे मणी आहेत आणि उजळ, सावळे, गव्हाळ असे सहा-सात चेहरे शेजारीशेजारी आहेत. छपाईची अवघड ठिकाणे या एका चौकटीत येतात. पैठणी कपाटात आहे, म्हणजे फोटोशेजारी धरून तुलनाही करता येते.

त्या छायाचित्राच्या जोडीला राखाडी रंगाची एक पट्टी आपणच तयार करावी. कोणत्याही छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोन आखून त्यांत लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे सारखे ठेवून राखाडी छटा भराव्यात. काळ्या टोकाला ०, ५, १०, १५, २०, २५, ३० असे बारीक टप्पे, पांढऱ्या टोकाला २३५ ते २५५ पर्यंत पुन्हा बारीक टप्पे, आणि मध्ये वीस-वीसच्या अंतराने. खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग विरत जाणारी एक पट्टी काढावी. ही फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण वापरातल्या रंगपद्धतीत जपून ठेवावी आणि यापुढे कागद, शाई किंवा प्रिंटर बदलला की हीच छापावी. तुलनेची वस्तू दर वेळी बदलली तर पारख होत नाही.

छापताना ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार खरोखर घातलेल्या कागदाशी जुळतो ना, हे दोनदा पाहावे. ग्लॉसी कागद घालून निवड ‘साधा कागद’ अशीच राहिली, तर प्रिंटर शाईचे प्रमाण साध्या कागदाच्या हिशेबाने ठरवतो. काही प्रिंटरांत मजकुरासाठी असलेली काळी पिगमेंट शाई (रंगाचे बारीक कण असलेली) चालू होते आणि ती ग्लॉसी पृष्ठभागावर नीट न बसता बोटाला लागते. फिके रंग, राखाडी वाटणारा काळा आणि दाणेदार गाल या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा या एका निवडीत सापडते. त्याच जागी ‘फोटो आपोआप सुधारा’ अशा अर्थाची जी सोय असते ती बंद करावी. ती चेहरे शोधून उजळते आणि रंग भडक करते. सावळ्या आजीचा चेहरा दोन छटा गोरा होऊन येतो तेव्हा तो फोटो कितीही चकचकीत असला, तरी ती आपली आजी राहत नाही, आणि अशा फोटोला चांगला म्हणण्याची माझी तयारी नाही.

वाळू द्यावा, आणि योग्य उजेडात पाहावा

आधुनिक फोटो कागदावरची शाई हाताला काही मिनिटांतच कोरडी लागते, पण शाईतले पाणी आणि इतर द्रावके पुरती उडून रंग स्थिर व्हायला वेळ लागतो. पहिल्या अर्ध्या तासात गडद भाग आणि राखाडी छटा थोड्या बदलतात. म्हणून मी फोटो उलटा न ठेवता, दुसऱ्या फोटोवर न रचता, स्वच्छ जागी पसरून ठेवतो आणि अंतिम निकाल दुसऱ्या दिवशी देतो. पावसाळ्यात तर दोन दिवस थांबतो.

उजेडाबद्दल जास्त सांगणे भाग आहे, कारण येथे चांगले चांगले लोक चुकतात. दोन रंग एका दिव्याखाली सारखे आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात. साडीच्या दुकानातून कापड दारात नेऊन पाहण्याची आपल्या घरातल्या बायकांची जी सवय आहे, तिच्यामागे हेच शास्त्र आहे. छपाईच्या व्यवसायात फोटो पाहण्याच्या उजेडासाठी आयएसओ ३६६४ हे मानक आहे. त्यात डी-५० नावाचा, ५००० केल्विनच्या आसपासचा प्रकाश ठरवून दिला आहे. उजेडाची तीव्रता बारकाईच्या तुलनेसाठी २००० लक्स आणि रोजच्या पाहण्यासाठी ५०० लक्स. घरी यासाठी खर्च करण्याची गरज नाही. दुपारी, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीपाशी, उत्तरेची असल्यास उत्तम, भिंत पांढरी असताना आणि अंगात भडक रंगाचा कपडा नसताना फोटो पाहावा. लाल सदरा घालून राखाडी छटा तपासू नयेत, कारण त्याचा रंग फोटोवर परावर्तित होतो. त्यानंतर तोच फोटो संध्याकाळी घरातल्या दिव्याखाली पाहावा, कारण तो शेवटी भिंतीवर तिथेच लागणार आहे. दोन्ही ठिकाणी राखाडी पट्टी राखाडीच दिसली तर उत्तम. दिवसा राखाडी आणि रात्री हिरवट किंवा गुलाबी दिसली, तर त्या शाईची जुळवणी उजेडाप्रमाणे रंग पालटणारी आहे असे समजावे.

पडद्याशी तुलना करायचीच असेल तर पडद्याची चमक आधी कमी करावी. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद खोलीतला प्रकाश परत पाठवतो, त्यामुळे पूर्ण चमकीच्या पडद्याशेजारी जगातला उत्तमोत्तम फोटोही काळवंडलेला वाटेल. छायाचित्रावर काम करणारे लोक पडद्याची चमक साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवतात. मोजण्याचे यंत्र नसल्यास पडद्यावर कोरे पांढरे पान उघडून त्याशेजारी खिडकीच्या उजेडात कोरा फोटो कागद धरावा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत चमक उतरवावी. ‘प्रिंट काळपट येतो’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न येथेच सुटतो.

हाताच्या अंतरावरून पाहायच्या गोष्टी

भिंग लगेच उचलू नये. फोटो हात लांब करून धरावा आणि पहिल्यांदा फक्त उजेड-अंधाराची मांडणी पाहावी. काळा भाग काळा आहे की गडद राखाडी? मॅट कागदावर काळा रंग ग्लॉसीइतका खोल कधीच येत नाही. तो त्या कागदाचा स्वभाव आहे, दोष नाही, आणि म्हणून मॅटची तुलना मॅटशीच करावी. नंतर मंगळसूत्राकडे पाहावे. गडद हिरव्या साडीवरचे काळे मणी वेगळे मोजता येतात का, साडीची चुणी दिसते का, की सगळे मिळून एकच काळा डाग झाला आहे? राखाडी पट्टीवर याचे उत्तर आकड्यांत मिळते. १० किंवा १५ चा चौकोन शून्यापासून वेगळा दिसत असेल तर घरच्या प्रिंटरसाठी मी तो समाधानकारक मानतो. २५ चा चौकोनही शून्यात बुडाला असेल, तर शाईचे प्रमाण कागदाला झेपत नाही किंवा निवड चुकली आहे.

पांढऱ्या टोकाचा विचार लोक कमी करतात. आजोबांच्या धोतराच्या घड्या दिसतात का, टोपीची शिवण दिसते का, हे पाहावे. २५० चा चौकोन कोऱ्या कागदापासून किंचित तरी वेगळा दिसायला हवा. मूळ छायाचित्रातच पांढरे जळून गेलेले असेल तर कोणताही प्रिंटर ते परत आणू शकत नाही.

मग रंगांची झाक. रंगीत प्रिंटर राखाडी छटा पुष्कळशी निळी, गुलाबी आणि पिवळी शाई मिसळून तयार करतो, त्यामुळे तिन्हींपैकी एकीचे प्रमाण किंचितही ढळले की ते सर्वांत आधी राखाडीत दिसते आणि त्यानंतर चेहऱ्यांत. म्हणून चेहरा बिघडलेला वाटला की आधी राखाडी पट्टी पाहावी. पट्टी गुलाबी असेल तर चेहराही त्यामुळेच तापल्यासारखा लाल दिसतो आहे. पट्टी हिरवट असेल तर चेहरा आजारी वाटतो. पट्टी शुद्ध असून चेहराच चुकीचा असेल, तर फोटो काढतानाचा प्रकाश तपासावा. मांडवातल्या पिवळ्या कापडाचा रंग सगळ्यांच्या गालांवर उतरलेला असतो आणि ते खरेच असते. ही झाक सबंध फोटोभर सारखी आहे की फक्त गडद भागात आहे, तेही लिहून ठेवावे. फक्त गडद भागातली झाक बहुधा शाई आणि कागद यांच्या जोडीतली असते आणि ड्रायव्हरमधली रंगाची एखादी सरकपट्टी हलवून ती जात नाही. त्या जोडीवर रंग कसे उमटतात याची माहिती देणारी फाइल, जिला सगळे आयसीसी प्रोफाइल म्हणतात, ती वापरावी लागते. प्रोफाइल वापरताना रंग सांभाळण्याचे काम सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर या दोघांपैकी एकानेच करावे. सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल निवडले असेल तर ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती पूर्ण बंद करावी. दोघांनी मिळून रंग सुधारले की फोटो हमखास बिघडतो, आणि त्या बिघाडाला कागद किंवा शाई जबाबदार नसते.

पैठणीचा जांभळा हुबेहूब येईल अशी अपेक्षा ठेवू नये. रेशमाची चमक आणि काही गडद, तेजस्वी रंग शाईच्या आवाक्याबाहेरचे असतात. जरीचेही तसेच: सोनेरी शाई प्रिंटरमध्ये नसते, पिवळ्या-तपकिरी छटांच्या शेजारी पांढरे ठिपके ठेवून तो भास निर्माण करायचा असतो. जर मोहरीसारखी सपाट पिवळी दिसली तर काही तरी चुकले आहे. तिच्यात प्रकाश आणि सावली वेगळी दिसली तर प्रिंटरने आपले काम केले आहे.

जवळून आणि भिंगातून

आता फोटो डोळ्यांपासून वीतभर अंतरावर आणावा. गाल, कपाळ आणि आकाश अशा हळूहळू बदलणाऱ्या फिकट जागा पाहाव्यात. तेथे ठिपक्यांचा चरचरीत दाणा दिसत असेल तर प्रिंटर चार रंगांचा आहे का, हे पाहावे. सहा रंगांच्या प्रिंटरमध्ये फिकट निळी आणि फिकट गुलाबी अशा दोन जादा शाया याच कामासाठी असतात. फिकट छटेसाठी गडद शाईचे विरळ थेंब टाकण्याऐवजी फिकट शाईचे दाट थेंब टाकले की डोळ्याला दाणा जाणवत नाही. काही सहा रंगी प्रिंटरांत फिकट शायांऐवजी लाल आणि राखाडी शाई असते, म्हणून नुसता सहाचा आकडा पाहून खरेदी करू नये. घड्याळजी वापरतात तसे दहापट भिंग असेल तर हा फरक स्पष्ट दिसतो. मात्र भिंगातून दाणा दिसला म्हणून फोटो वाईट ठरवू नये. तो भिंगात दिसणारच. भिंग कारण शोधण्यासाठी आहे, निकाल देण्यासाठी नाही.

पट्टे हा घरच्या प्रिंटरचा सर्वांत मोठा रोग आहे. हेड कागदाच्या रुंदीत फिरते, म्हणून त्याचे पट्टेही रुंदीत, आडवे पडतात. बारीक, एकाच रंगाची उणीव दाखवणाऱ्या रेषा असतील, उदाहरणार्थ निळ्या आकाशात गुलाबीसर रेषा, तर निळ्या शाईचे नोझल बंद आहे. ठरावीक अंतराने फिकट पट्टे येत असतील तर कागद दर खेपेला गरजेपेक्षा किंचित जास्त सरकतो आहे. गडद पट्टे येत असतील तर कमी सरकतो आहे आणि दोन थर एकमेकांवर चढत आहेत. त्यासाठी देखभालीच्या यादीतले अलाइनमेंट कागदाच्या त्याच प्रकारावर करावे. फक्त शेवटच्या काही सेंटिमीटरमध्येच बिघाड असेल तर कारण वेगळे: कागदाचे शेपूट आधीच्या रुळातून सुटलेले असते आणि पकड एकाच बाजूला उरते. बिनकाठाच्या छपाईत हे जास्त घडते, शिवाय अशी छपाई करताना प्रिंटर छायाचित्र किंचित मोठे करतो आणि कडा कापल्या जातात. पारखण्याचा फोटो म्हणून नेहमी काठ ठेवूनच छापावा.

उभ्या दिशेने, समान अंतरावर बारीक टोचल्यासारख्या खुणा दिसल्या तर त्या कागद पुढे ढकलणाऱ्या दातेरी चाकांच्या असतात. उजेडात फोटो तिरका धरल्याशिवाय त्या दिसत नाहीत. तिरका धरलेलाच असताना पृष्ठभागाची चमकही पाहून घ्यावी. पिगमेंट शाईच्या ग्लॉसी फोटोत कोरा पांढरा भाग आणि शाईचा भाग यांची चमक वेगळी असते, आणि गडद भागांवर तांब्यासारखी झळाळी येऊ शकते. डाय शाई, म्हणजे रंग पूर्ण विरघळलेली शाई, कागदाच्या थरात मुरते, म्हणून तिच्यात हे जवळजवळ दिसत नाही. फ्रेममध्ये काच लागली की हा दोष बराच झाकला जातो.

कागदाची खरी ओळख

बाजारात कागद जीएसएमवर विकला जातो आणि जास्त जीएसएम म्हणजे जास्त दर्जा असे समजले जाते. जीएसएम हे फक्त वजन आहे, एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले. फोटोचा दर्जा कागदावरच्या लेपावर ठरतो. १८० जीएसएमच्या स्वस्त ग्लॉसी कागदांत पुष्कळसे साध्या कागदावर चकचकीत लेप दिलेले असतात, तर चांगल्या फोटो कागदाच्या दोन्ही बाजूंना रेझिनचा, म्हणजे प्लास्टिकसारखा, थर असतो आणि वर शाई धरणारा लेप. ओळखण्यासाठी मागच्या बाजूला पाण्याचा एक थेंब टाकावा आणि पाच मिनिटे थांबावे. थेंब मुरून कागद फुगला तर तो पहिल्या प्रकारचा. थेंब तसाच राहून पुसला गेला तर रेझिनचा. पहिल्या प्रकारचा कागद गडद भागात भरपूर शाई पडली की लाटांसारखा वाकतो आणि तसाच राहतो.

नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली कोरा कागद धरला आणि तो निळसर पांढरा चमकला, तर त्यात शुभ्रता वाढवणारी द्रव्ये आहेत. असा कागद दुकानात फार पांढरा दिसतो, मात्र ती द्रव्ये कालांतराने निकामी होतात आणि कागद मूळच्या पिवळसर रंगावर येतो. नातवंडांनी पाहावा असा फोटो छापायचा असेल तर मी कमी चमकणारा कागद निवडतो.

टिकाऊपणा, आणि आपला पावसाळा

आज छान दिसणारा फोटो वर्षाने कसा दिसेल, हाही गुणवत्तेचाच भाग आहे, आणि याचा धडा उद्योगाने २००० च्या सुमारास घेतला. त्या वेळी आलेल्या काही लोकप्रिय फोटो प्रिंटरांचे फोटो उघड्यावर ठेवल्यावर थोड्याच दिवसांत नारिंगी पडू लागले. कारण हवेतला ओझोन होता. सच्छिद्र लेपाचा कागद शाई पटकन शोषतो म्हणून लवकर वाळतो, पण त्याच छिद्रांतून हवा आत शिरते आणि डाय शाई खाते. तेव्हापासून शायांत सुधारणा झाली आहे, तरीही डाय शाईचा फोटो काचेशिवाय भिंतीवर लावू नये. पिगमेंट शाई या बाबतीत अधिक टिकाऊ असते. टाकीत भरायला मिळणाऱ्या स्वस्त, बिननावाच्या शाईचा अनुभव मी घेतला आहे. पहिल्या दिवशी मूळ शाईशेजारी ठेवून मला फरक सांगता आला नव्हता. चार महिन्यांनी निळा रंग उतरून सगळे चेहरे विटकरी झाले होते.

म्हणून प्रत्येक नव्या शाईची आणि कागदाची परीक्षा घ्यावी. राखाडी पट्टीचे आणि छायाचित्राचे तीन लहान प्रिंट काढावेत. एक अर्धा काळ्या पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत काचेमागे चिकटवावा, दुसरा स्वयंपाकघराच्या आसपास उघड्या हवेत टांगावा, तिसरा अल्बममध्ये कपाटात ठेवावा. महिन्याने खिडकीतल्या प्रिंटवरचा पुठ्ठा काढला की झाकलेल्या आणि उघड्या भागांमधली रेषा किती ठळक आहे ते दिसते आणि ऊन किती रंग खाते ते कळते. उघड्या हवेतला प्रिंट कपाटातल्या प्रिंटशी ताडून हवेचा परिणाम कळतो.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात राहणाऱ्यांनी यात आणखी एक प्रिंट वाढवावा आणि तो जून ते सप्टेंबर कपाटाबाहेर ठेवावा. दमट हवेत डाय शाई पुन्हा हलू लागते, काळ्या कडांतून रंग पसरतो, मंगळसूत्राचे मणी एकमेकांत मिसळतात आणि फोटो काचेला चिकटतो. फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट ठेवून फट सोडावी. कोरा कागदही या दिवसांत ओल धरतो आणि वाकतो, म्हणून पाकीट उघडल्यावर उरलेले ताव मूळ पिशवीत, सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात ठेवावेत; नाही तर ऑगस्टमध्ये छापलेला वाईट फोटो पाहून आपण शाईला दोष देऊ.

प्रत्येक पारखीची नोंद ठेवावी: तारीख, कागद, शाई, ड्रायव्हरमधली निवड आणि पट्टीवर दिसलेला सर्वांत गडद वेगळा चौकोन. रेझिनच्या कागदाच्या पाठीवर साधी पेन्सिल चालत नाही आणि बॉलपेनचा दाब पुढे उमटतो, त्यामुळे फोटोला क्रमांक देऊन तपशील वहीत लिहावा. त्याच फाइलचा एक प्रिंट शहरातल्या चांगल्या रंगीत लॅबमधून, प्रकाशसंवेदी रासायनिक कागदावर काढून घ्यावा आणि त्याच वहीत ठेवावा. त्या कागदावर शाईचे थेंब नसतात, छटा सलग असतात, त्यामुळे गालांची आणि आकाशाची तुलना त्याच्याशी करावी. काळ्याच्या खोलीत आणि काही तेजस्वी रंगांत घरचा प्रिंट त्याच्या पुढे गेलेला मी अनेकदा पाहिला आहे.